निर्वंश आणि ओळखपत्रातला रकाना

मित्रहो, आपल्या भाषेत ‘निर्वंश’ हा शब्द जुना आहे आणि तो बहुधा शापात भेटतो. ‘तुझा निर्वंश होवो’ म्हणणारा समोरच्याचे केवळ मरण मागत नाही, त्याच्या मागे त्याचे नाव सांगणारे कोणी उरू नये हे तो मागतो. वर्तमानपत्रांत आपण कत्तल, हत्याकांड, नरसंहार आणि वंशसंहार हे शब्द अदलून-बदलून वापरतो; आजच्या विषयापुरते ते वेगळे ठेवले पाहिजेत, कारण वंशसंहारात किती माणसे मेली याच्या आधी ती कोण म्हणून मारली गेली हे विचारावे लागते.

राफाएल लेम्किन या पोलंडमधील ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली ग्रीक ‘गेनोस’, म्हणजे वंश किंवा जमात, आणि मारणे या अर्थाचे लॅटिन पद जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार संमत केला. राष्ट्रीयत्व, जमात, वंश किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने त्यातील माणसे मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, ती जगूच शकणार नाहीत अशी परिस्थिती लादणे, त्यांच्यात जन्म होऊ न देणे आणि त्यांची मुले हिरावून दुसऱ्या समूहात घालणे, अशी पाच कृत्ये त्यात सांगितली आहेत. शेवटची दोन वाचताना आपला जुना शाप आठवतो. राजकीय गट मात्र या व्याख्येतून वगळले गेले; सोव्हिएत संघासह काही देशांचा तसा आग्रह होता आणि त्यामागचे कारण ओळखायला फार विचार करावा लागत नाही. भारताने १९५९ साली या कराराला मान्यता दिली, पण आपल्या फौजदारी कायद्यात या नावाचा स्वतंत्र गुन्हा अजून नाही.

व्याख्येचा सगळा भार ‘हेतू’ या शब्दावर आहे. हेतू सिद्ध कसा करायचा, आणि त्याआधी तो समूह तरी कोणी ठरवायचा, हे पाहण्यासाठी मी आफ्रिकेतल्या रवांडाचे उदाहरण घेतो. तिथले हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत, एकाच डोंगरउतारावर शेजारी राहत, एकाच चर्चमध्ये जात. हा भेद तिथे राज्य करणाऱ्या बेल्जियनांनी शून्यातून निर्माण केला असे म्हणणे खरे नाही. राजसत्ता, गुरे आणि जमीन यांच्याशी निगडित असा तो आधीपासून होता, मात्र काहीसा लवचीक होता. १९३० च्या दशकात बेल्जियन प्रशासनाने नोंदणी करून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात लिहिली आणि ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. १९६२ साली देश स्वतंत्र झाला, सत्ता हुतू नेत्यांच्या हाती आली, तरी तो रकाना तसाच राहिला.

‘पिढ्यानपिढ्यांचे वैर’ हे स्पष्टीकरण मला आळशी वाटते. १९८९ मध्ये कॉफीचे भाव कोसळले आणि कॉफीवर जगणारा देश खचला. ऑक्टोबर १९९० मध्ये युगांडातील तुत्सी निर्वासितांच्या सशस्त्र संघटनेने आक्रमण केले. टांझानियातल्या अरुशा शहरात ऑगस्ट १९९३ मध्ये झालेल्या करारानुसार या संघटनेला सत्तेत वाटा द्यावा लागणार होता. ज्यांची सत्ता जाणार होती, त्यांना तुत्सी शेजारी हा शत्रूचा हस्तक आहे हे पटवून देणे सोयीचे होते. १९९३ च्या जुलैत सुरू झालेले एक खासगी रेडिओ केंद्र ते काम रोज करत असे आणि तुत्सींना ‘इन्येंझी’, म्हणजे झुरळे, म्हणत असे.

६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान पाडले गेले. पुढच्या सुमारे शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसे मारली गेली, असे बहुतेक अंदाज आहेत. काही त्याहूनही जास्त सांगतात. रस्त्यांवर नाके लागले आणि तिथे ओळखपत्रे तपासली जात. ठार मारण्याला ‘काम’ म्हटले जाई, आणि सरकारी हुकमाने सामुदायिक श्रमदानाला माणसे जमवणारी गावपातळीवरची यंत्रणा या ‘कामा’लाही उपयोगी पडली. रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी ११ जानेवारीलाच शस्त्रसाठ्यांची खबर न्यूयॉर्कला कळवली होती. २१ एप्रिलला, हत्या चालू असताना, सुरक्षा परिषदेने त्यांची सेना २७० माणसांपर्यंत खाली आणण्याचा ठराव केला.

ताबा नावाच्या प्रशासकीय विभागाचे प्रमुख झ्याँ-पॉल आकायेसू यांच्यापाशी थोडे थांबू. हे पूर्वीचे शिक्षक. न्यायालयाच्या नोंदीनुसार पहिले काही दिवस त्यांनी आपल्या हद्दीत हत्या रोखण्याचा प्रयत्न केला. १८ एप्रिलला हंगामी सरकारच्या नेत्यांशी बैठक झाली आणि त्यानंतर ते उलटले. ताबात निदान दोन हजार तुत्सी मारले गेले. २ सप्टेंबर १९९८ रोजी अरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना दोषी ठरवले. वंशसंहारासाठी एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने कोणाला दोषी ठरवण्याची ही पहिली वेळ होती. स्त्रियांवरील बलात्कार हे समूह नष्ट करण्याचे साधन असू शकतात, हेही याच निकालाने प्रथम मान्य केले.

न्यायाधीशांपुढची एक अडचण मात्र विलक्षण होती: भाषा, धर्म, रीतिरिवाज सारे समान असताना तुत्सी हा वेगळा समूह मानायचा कशाच्या आधारे? त्यांनी जे आधार घेतले, त्यांत ओळखपत्रावरील तोच रकाना होता. ज्या कागदाने नाक्यावर माणसे वेगळी काढली, तोच कागद पुराव्यात आला.

आजच्या काळात हा रकाना उलट्या दिशेनेही वापरता येतो. म्यानमारमध्ये १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्या या मुस्लिम समूहातल्या बहुसंख्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. ऑगस्ट २०१७ पासूनच्या लष्करी कारवाईत सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली; रेडिओची जागा फेसबुकने घेतली होती, आणि आपण पुरेसे काही केले नाही हे त्या कंपनीने २०१८ मध्ये कबूल केले. गांबियाने दाखल केलेल्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्यानमारला रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. पण कारवाईच्या तीन वर्षे आधी, २०१४ च्या जनगणनेत, दारात आलेल्या प्रगणकाने जमात विचारली आणि घरच्यांनी ‘रोहिंग्या’ असे उत्तर दिले, तर ते लिहून घ्यायचे नाही, असे सरकारने ठरवले होते. रखाइन या रोहिंग्यांच्या प्रांतात अशा घरांची मोजणी न करताच प्रगणक पुढच्या घरी जात.