मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, नवरी खुर्चीत कधी बसणार?

(नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका महिला मंडळात झालेलं हे बोलणं, थोडं आवरून.)

नमस्कार. पहिल्या रांगेत तीन नवऱ्या बसल्यात असं मला आत्ताच सांगितलं, आणि मागे त्यांच्या आया. आयांनी वह्या आणल्यात, मुलींनी मोबाइल. चांगलं आहे. पण वहीत पहिलं वाक्य ‘उटण्याचं प्रमाण’ असं लिहायला घेतलं असेल तर जरा थांबा. बावीस वर्षं मी नवऱ्या सजवतेय, पंचवटीतल्या वाड्यांपासून आडगावच्या लॉन्सपर्यंत. नवरीचा मेकअप फसला की सगळे क्रीमला नाहीतर मला नावं ठेवतात. मला विचाराल तर बहुतेक वेळा घड्याळाने घात केलेला असतो.

समजा मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे, आणि हळद त्याच दिवशी सकाळी. आता उलटं मोजू. पावणेबाराला मुलगी गौरीहराशी बसायला हवी. साडी, दागिने, मुंडावळ्या याला पाऊण तास. म्हणजे अकरा. मेकअप आणि केस, घाई न करता अडीच तास. साडेआठ. त्याआधी नाश्ता, आठ. त्याआधी न्हाणं, साडेसात. म्हणजे हळद पावणेसातला सुरू झाली पाहिजे. आणि आपल्या पत्रिकेत काय छापलेलं असतं? ‘हळदी समारंभ सकाळी ८ वाजता’. मालेगावहून येणारी आत्या साडेआठला पोचते, तिच्यासाठी थांबतात, नवरी पिवळी होऊन सव्वानऊला मोरीत जाते आणि माझ्या हातात राहतो सव्वा तास. मग मी जादू करावी अशी अपेक्षा. हळद आदल्या दिवशी संध्याकाळी घेता आली तर घ्या. नसेल जमत तर घरच्यांची हळद पावणेसातला आणि आत्याची हळद ती येईल तेव्हा नुसती पायाला. मान राहतो, वेळही राहते.

साडी कधी बदलायची तेही आधी ठरवा. गौरीहराला मामाकडची पिवळी अष्टपुत्री हे ठीक. पण कुणाकडे मंगलाष्टकं त्याच साडीत होतात आणि शालू सप्तपदीला नेसतात, कुणाकडे मंगलाष्टकांनाच शालू लागतो. हे गुरुजींना आणि सासूबाईंना पंधरा दिवस आधी विचारायचं. एकदा मी मुलीला सहावारी शालू नेसवून तयार केली आणि दारातून निरोप आला, ‘आमच्यात नऊवारीच लागते.’ शिवलेली नऊवारी कुणीतरी सिडकोतून स्कूटरवर आणली. मुहूर्त टळला नाही, पण त्या मुलीच्या फोटोंत तिच्या चेहऱ्यावर अजून ती वीस मिनिटं दिसतात.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच सकाळी धुतलेले, ओले, निसटते केस खोप्यात टिकत नाहीत. कितीही पिना लावा, अंतरपाट दूर होईपर्यंत खोपा मानेवर. हळदीच्या वेळी डोक्याला जुनी ओढणी घट्ट बांधायची. मावश्या डोक्यावर पाणी ओतायचा हट्ट करतील, त्यांना खांद्यावरून ओतायला सांगा.

चेहऱ्याला हळद शास्त्रापुरती. याचं कारण सरळ आहे. तुमच्या फाउंडेशनची शेड आपण ट्रायलच्या दिवशी तुमच्या रोजच्या कातडीवर जुळवलेली असते. लग्नाच्या सकाळी कातडी पिवळी झालेली असते, तीच शेड आता राखेसारखी दिसते. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबणाने घासत बसू नका. कापसावर खोबरेल घ्या, हलक्या हाताने पुसा, मग फेसवॉश. आणि वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच यांपैकी काहीही आदल्या दिवशी नको, दोन-तीन दिवसांचं अंतर हवं. ताज्या वॅक्सवर हळद लागली की जी आग होते, ती सांगून कळत नाही.

आता कार्यालय. बुकिंगला सगळे जातात तेव्हा लॉन किती मोठं, पार्किंग किती, ताट कितीला, हे विचारतात. नवरीची खोली कुणी उघडून बघत नाही. मी अशा खोलीत मेकअप केलाय जिथे एकच प्लग होता आणि त्यावर कुणाच्या तरी काकांचा मोबाइल लागलेला. तुम्ही जाल तेव्हा चार गोष्टी बघा: खिडकी, प्लग, आरसा, गरम पाणी. गरम पाणी कशाला म्हणाल, तर तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडचे मुहूर्त सुरू होतात, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा कधीकधी १०च्याही खाली जातो. त्या गारठ्यात पहाटे हळद उतरवताना मुलगी कुडकुडते आणि ओठ फुटतात. खिडकी मात्र माझ्यासाठी. पिवळ्या बल्बखाली केलेला मेकअप दुपारच्या उन्हात लॉनवर मुखवट्यासारखा दिसतो. उजेड नसेल तर तसं मला आधी सांगा, मी दिवा घेऊन येते. रात्रीचं संगीत उघड्या लॉनवर असेल तर १० वाजता स्पीकर बंद करावा लागतो, हेही लक्षात ठेवा. नवरीची एन्ट्री साडेनऊला ठेवली तर तिच्या वाट्याला अर्धा तास येतो.

तारखेचं म्हणाल तर द्राक्षवाल्या घरांना मी काय सांगणार? दिंडोरी-निफाडकडे फेब्रुवारी-मार्चात माल उतरायचा असतो, एप्रिलात खरड छाटणी, त्यात लग्न बसवायचं. साहजिकच एप्रिल-मे. म्हणजे चाळिशीला टेकलेलं ऊन. तेव्हा दुपारचा मुहूर्त टाळून गोरज मुहूर्त मिळतो का बघा. आणि २०२७ला सिंहस्थ आहे. गुरू सिंह राशीत असताना गोदावरी आणि गंगा यांच्या मधल्या मुलखात लग्नं करू नयेत असं जुने शास्त्रग्रंथ सांगतात. पाळायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न. फक्त आधी ठरवा, कारण कार्यालयाचा अॅडव्हान्स भरून झाला की आजीला सिंहस्थ आठवतो.

बरं, आता चेहरा. मला येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे आयांचे असतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं: ‘ताई, जरा उजळ करून द्या.’ मी दोन शेड उजळ फाउंडेशन लावत नाही. मान, कान आणि हात सावळे, चेहरा पांढरा, असे फोटो तुम्हीच पुढची तीस वर्षं बघणार असता. त्याहून वाईट म्हणजे लग्न ठरल्यापासून मुली गुपचूप लावतात ती मेडिकलमधली ट्यूब. मैत्रिणीने सांगितलेली. तिच्यात स्टिरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा काचेसारखा होतो, म्हणून कौतुक. मग कातडी पातळ होते, उन्हात लाल पडते, पुरळ येतं, आणि ट्यूब बंद केली की दुपटीने उसळतं. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत असा नियम आहे. आणि लेबलवर कंपनीचा पत्ता नसलेल्या, आठवड्यात गोरं करणाऱ्या डब्यांत पारा निघतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशी क्रीम लावणाऱ्यांच्या किडन्यांवर परिणाम झाल्याचं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. मुरुम असतील, वांग असतील, तर लग्नाच्या चार-सहा महिने आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे नंतर या.

शेवटचे पंधरा दिवस नवं काहीच नको. नवं क्रीम नको, नवा फेशियल नको, मैत्रिणीने दुबईहून आणलेला मास्क नको. केसांना रंग लावायचा तर दहा-पंधरा दिवस आधी, आणि त्याआधी कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट बघायची. नाक टोचायचं राहिलंय? मग राहू द्या, दाबाची नथ घ्या, सराफ बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. आठ दिवसांपूर्वी टोचलेल्या नाकात मोत्यांची नथ अडकवलेली मुलगी मी पाहिलीय. मंगलाष्टकांत तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून. आणि सोन्याची नथ घ्याल, किंवा कुठलाही दागिना, तर त्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो लागतोच, आणि बीआयएस या हॉलमार्कवाल्या सरकारी संस्थेच्या अॅपवर घालून तपासता येतो. बिलावर सही करण्याआधी तपासा.

मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी. खरी मेंदी काढल्या-काढल्या केशरी दिसते, रंग पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होत जातो. म्हणून आदल्या रात्री काढलेली मेंदी लग्नात फिकी आणि पूजेला गडद. सहा-आठ तास ठेवा, मग खरवडून काढा, त्या दिवशी पाणी लावू नका. तासाभरात काळीकुट्ट होणारा कोन मात्र हातात घेऊ नका. त्यात बहुधा केस रंगवायचं रसायन असतं, पीपीडी. हातावर नक्षीच्या आकाराचे फोड येतात, आणि डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. मुली विचारतात, काळी मेंदी छान दिसते की. दिसते, पण मेंदीच्या पाल्यातून काळा रंग निघत नाही, एवढं लक्षात ठेवा.

टिकलीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून बोलते. काही टिकल्यांच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडतो, आणि तो सहज जात नाही. चंद्रकोर मी रंगाने काढते. ज्यांना चिकटवायचीच असेल त्यांनी तीच टिकली घरी चार दिवस लावून बघा. मुंडावळ्यांचा दोरा मागे गाठवताना सैल ठेवा. घट्ट बांधला की डोकं ठणकतं आणि कपाळावर रेघ उमटते. काजळ पाण्याला न जुमानणारंच हवं, कारण लाजाहोमाचा धूर कुणाला सोडत नाही. आणि फोटोग्राफर फ्लॅश वापरणार असेल तर दाट सनस्क्रीनचा थर नको. त्यातलं झिंक फ्लॅशमध्ये पांढरं चमकतं. सगळं अंग सावळं आणि चेहरा भुताचा, असे फोटो येतात.

पैठणीसाठी येवल्याला जाणार असाल तर महिन्याभरावर लग्न ठेवून जाऊ नका. हातमागावर नवीन घडवून घ्यायची तर दोन-तीन महिने धरा, भरगच्च पदराला त्याहून जास्त. हातमागाचा पदर उलटून बघायचा. मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते, धाग्यांची भेंडोळी लोंबत नाही. ब्लाउज लग्नाच्या आठवडाभर आधी घालून, हात वर करून बघा. हार घालताना हात वर जातात, हे शिंप्याला आठवत नाही.

माझ्यासारख्या बायकांशी ठरवताना सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: स्वतः येणार की असिस्टंट, किती साड्या बदलून देणार, आई-बहिणीचे वेगळे किती, गाडीभाडं कुणाचं. माझ्या भाचीच्या लग्नात, मी पाहुणी म्हणून गेले होते, ठरवलेल्या बाईंनी त्याच सकाळी दुसरं लग्न घेतलं होतं आणि कॉलेजातली एक पोरगी पाठवली. ती बिचारी थरथरत होती. शेवटी पदर खोचून मीच ब्रश घेतला, नव्या साडीवर.

आणि खाणं. कन्यादानाचा उपास आईबापांचा असतो, मुलीचा नाही, हे मला दर हंगामात चार घरी सांगावं लागतं. पहाटे चारला उठलेली, साडेअकरापर्यंत नुसत्या चहावर, अंगावर पैठणी आणि दागिन्यांचा भार. एक मुलगी माझ्यासमोर आरशातच पांढरी पडली. मला वाटलं माझीच शेड चुकली. साखरपाणी पाजलं, तेव्हा उभी राहिली. आठ वाजता पोटभर खायला द्या, उपमा, थालीपीठ, पोळी-भाजी, काहीही. फक्त मिसळ नको. नाशिकची मुलगी असली तरी त्या दिवशी नको. पर्समध्ये राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवा, आणि पाणी स्ट्रॉने प्या, म्हणजे ‘लिपस्टिक जाईल’ म्हणून तहानलेलं बसायला नको.

कुणी हात वर केलाय? हो, मागच्या रांगेतल्या काकू, बोला. मोठ्याने बोला, माइक नाहीये तिकडे.

मुलीच्या आईने कधी तयार व्हायचं?

हे मीच सांगायला हवं होतं. माझ्या अल्बममध्ये अशा कितीतरी आया आहेत, ब्लाउजवर हळदीचा डाग, अंबाडा सुटलेला, एका हातात आहेराची पिशवी आणि दुसऱ्या हातात कार्यालयाच्या किल्ल्या. ऐका. साडेसातला मुलगी न्हायला जाते. तेवढ्या वेळात माझी खुर्ची रिकामी असते, वीस-पंचवीस मिनिटं. तेव्हा तुम्ही बसायचं. किल्ल्या, पिशवी आणि मोबाइल जावेकडे. कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. वहीत लिहा काकू, मुलीच्या वेळांच्या वर लिहा: साडेसात, आई.