दोन मैलांवरची थाप

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स या इंग्रज लेखकाची ‘द मंकीज पॉ’ ही कथा १९०२ सालची. तीन इच्छा पुऱ्या करणारा माकडाचा वाळलेला पंजा आणि व्हाइट नावाचं साधं कुटुंब. भूत एकदाही दिसत नाही. सगळी भिस्त आहे ती घराच्या दारावर.

[दृश्य: शेकोटी, बुद्धिबळाचा पट]

बाप-लेक खेळतायत. बाप आपला राजा उगाच धोक्यात घालतो. चूक उशिरा कळते, तेव्हा मुलाचं लक्ष जाऊ नये म्हणून तो वाऱ्याबद्दल बोलू लागतो. पुढे जे होणार ते पटावर आधीच होऊन गेलंय. पहिल्या वाचनात ते सहसा निसटतं.

मग फाटक आपटतं. भारतात २१ वर्षं काढलेला सार्जंट-मेजर पंजा घेऊन येतो. आधीच्या मालकाची तिसरी इच्छा मरणाची होती, एवढंच तो सांगतो. पहिल्या दोन सांगितल्या असत्या, तर ‘त्याचं चुकलं, आपण नीट मागू’ असं म्हणायला वाचक मोकळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी थाप पोस्टमनची. हाती येतं शिंप्याचं बिल. त्यानंतर फाटकाशी तीनदा घुटमळून चौथ्यांदा आत शिरतो तो कंपनीचा माणूस. मुलगा यंत्रात सापडून गेला. भरपाई २०० पौंड. बापानं पहिल्या इच्छेत पंजाकडे मागितले होते तेवढेच.

मुलाला दोन मैलांवर पुरलं, हे जेकब्स जाता जाता सांगून टाकतो. पुढे एका रात्री आई हट्टानं बापाला दुसरी इच्छा मागायला लावते: मुलगा पुन्हा जिवंत व्हावा. काहीच घडत नाही. मेणबत्ती संपते, जिना करकरतो, उंदीर पळतो. बाप काडी पेटवून खाली उतरतो, ती विझते आणि त्याच क्षणी थाप पडते, जेमतेम ऐकू येईल इतकी. आई ओरडते: दोन मैल आहेत, विसरलेच होते मी! म्हणजे मधला सगळा वेळ कुणीतरी चालत होतं. ते अंतर आधी पेरलं नसतं, तर हा उशीर नुसता लेखकाचा चाळा वाटला असता.

[दृश्य: दाराची वरची कडी, खुर्ची]

नवखा लेखक इथे दार उघडून प्रेत दाखवेल. जेकब्सनं बापाच्या तोंडी आधीच एक वाक्य घातलंय: ओळख पटली ती फक्त कपड्यांवरून. बाकीचं चित्र वाचक स्वतः काढतो. आईचा हात कडीपर्यंत पोचत नाही, ती खुर्ची ओढते. तेवढ्या वेळात बापाला पंजा सापडतो. त्याच्या तिसऱ्या इच्छेचे शब्द कथेत नाहीत. ते छापले असते, तर बाहेर काय उभं होतं ते ठरून गेलं असतं.