मामाचं घर

नमस्कार श्रोतेहो. मेळघाटातल्या डोंगरांत मध काढणारी जुनी घरं आहेत. तिथं पोरांनी एक प्रश्न विचारायचा नसतो: आजा रात्री कुठं गेला? विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, "मामाच्या घरी." मामाचं घर म्हणजे आग्या मोहोळाचं झाड. आग्या माशा दरवर्षी फिरून त्याच झाडावर येतात. ठिकाण फुटलं की दुसराच कोणी मोहोळ झाडून नेतो. म्हणून झाड दाखवायचं ते मिसरूड फुटल्यावरच.

अशाच एका घरातला नातू, वय वर्षं 12. त्याला पळसाच्या कोवळ्या पानांवर पिवळे ठिपके दिसले, हळदीचं पाणी शिंपडल्यासारखे. ती माशांची विष्ठा. ठिपके दाट होत गेले तसा तो चालत गेला. नाल्याकाठी अर्जुनाच्या फांदीला सुपाएवढं काळं पोळं! पोरानं वाळल्या गवताची चूड पेटवली आणि वर धरली. नुसता जाळ झाला, धूर नाहीच. माशा उठल्या. सदरा तोंडावर ओढून तो पळत सुटला, तेवढं शहाणपण त्यानं केलं.

घरी आज्यानं शब्द न बोलता नखानं काटे खरवडले. 19 निघाले. मग म्हणाला, "झाड कोनाले सांगू नोको. पन धूर कसा द्याचा, ते मले इचाराचं होतं."

पुढच्या अवसेला आज्यानं त्याला सोबत नेलं, पण झाडाखालीच उभं केलं. चूड त्याच्याच हातून बांधून घेतली: आत मूठभर वाळलं गवत, भोवती ओला हिरवा पाला, वाकानं घट्ट आवळलेला. पेटवायची, जाळ फुंकून विझवायचा, धूर तेवढा ठेवायचा. पुन्हा सांगतो, जाळ नको, धूर हवा. माशा बाजूला सरकल्या की फांदीजवळचा जाड, मधाचा भाग तेवढा कापायचा. खालच्या भागात अंडी-अळ्या असतात, तो तसाच राहू द्यायचा. बहर टिकला तर त्याच पोळ्यात पुन्हा मध भरतो.

पोळं पिळणाऱ्यांचा मला राग येतो. पिळलं की अळ्यांचा रस उतरतो आणि मध आंबतो. फडक्यात बांधून टांगा, आपोआप गळू द्या. आणि मध गोठला म्हणून साखरेची भेसळ समजून फेकू नका. अस्सल मधही गोठतो. रानचा मध मुळातच पातळ असतो, त्यात पाणी जास्त. म्हणून बाटली कोरडीठाक हवी.

माशी चावली तर आधी तिथून दूर निघा. काट्याच्या वासावर बाकीच्या माशा धावून येतात. मग लगेच काटे काढा. ओठ सुजले, दम लागला किंवा खूप काटे लागले, तर घरगुती लेपात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका.