जिनिव्हाची भिंत आणि तिच्यावरची नावे

श्रोतेहो, जिनिव्हाच्या बास्तियों उद्यानात, शहराच्या जुन्या तटाचाच आधार घेऊन, सुमारे १०० मीटर लांबीची एक दगडी भिंत उभी आहे. धर्मसुधारणेचे, म्हणजे सोळाव्या शतकात युरोपात रोमन कॅथलिक चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रोटेस्टंट चळवळीचे स्मारक म्हणून ती ओळखली जाते. १९०९ साली जिनिव्हातल्या या चळवळीचा पुढारी कॅल्व्हिन याच्या जन्माला चारशे वर्षे आणि त्याने स्थापन केलेल्या अकादमीला साडेतीनशे वर्षे झाली. ते निमित्त साधून पायाभरणी झाली आणि ऐन महायुद्धात, १९१७ मध्ये, अनावरण झाले. मधोमध फारेल, कॅल्व्हिन, बेझा आणि नॉक्स या धर्मसुधारकांचे सुमारे पाच मीटर उंचीचे पुतळे आहेत. चौघांच्याही अंगात पायघोळ झगा आणि हातात बायबल. जर्मनीतला ल्यूथर आणि झुरिचचा झ्विंग्ली या चळवळीच्या आद्य प्रवर्तकांची मात्र केवळ नावे, भिंतीपुढच्या दोन शिळांवर कोरलेली आहेत. नॉक्सने पुढे स्कॉटलंडमध्ये जी चर्चपरंपरा रुजवली, तिच्यातूनच मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन आले.

आपल्या थडग्यावर कोणतीही खूण नसावी, अशी कॅल्व्हिनची इच्छा होती आणि १५६४ मध्ये ती पाळली गेली. प्रतिमापूजेला कडाडून विरोध करणाऱ्या त्या माणसाचा एवढा भव्य पुतळा पाहताना मला नेहमीच अस्वस्थ वाटते. म्हणूनच मला पुतळ्यांपेक्षा त्यांच्या दोन्ही बाजूंची उठावशिल्पे मोलाची वाटतात. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारी १५९८ ची नांतची राजाज्ञा, १६२० मध्ये अमेरिकेला निघालेल्या इंग्रज स्थलांतरितांनी मेफ्लॉवर जहाजावर केलेला करार, इंग्लंडची १६८९ ची हक्कांची सनद असे प्रसंग तिथे कोरले आहेत, आणि श्रद्धेचा प्रश्न हळूहळू नागरिकाच्या हक्काचा प्रश्न कसा होत गेला, हे त्यांतून दिसते. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेला आणि १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवून तिथे सर्व मतांना आसरा देणारा रॉजर विल्यम्स याच भिंतीवर आहे, याचे मला विशेष समाधान वाटते.

भिंतीवर 'अंधारानंतर प्रकाश' हे जिनिव्हाचे लॅटिन ब्रीद कोरले आहे. ते वाचताना स्पॅनिश वैद्य आणि धर्मचिंतक सर्व्हेटस याला विसरता येत नाही. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा सिद्धान्त नाकारला म्हणून २७ ऑक्टोबर १५५३ रोजी याच शहराच्या वेशीबाहेर, शाँपेल येथे, त्याला जिवंत जाळण्यात आले, आणि त्याच्यावरील खटल्यात कॅल्व्हिनचा मोठा हात होता. १९०३ मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी तिथे प्रायश्चित्ताची शिळा उभारली. कॅल्व्हिनविषयी कृतज्ञता व्यक्त करून त्यांनी त्या कृत्याचा स्पष्ट निषेध केला आहे. या भिंतीच्या पायाभरणीच्या सहाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे, आणि दोन्ही स्मारके एकाच भेटीत पाहावीत, असा माझा आग्रह असतो.

२००२ मध्ये वाल्डो, विक्लिफ आणि हुस या पूर्वसूरींबरोबर या स्मारकावर मारी दाँतिएर हे नाव कोरले गेले. ती पूर्वाश्रमीची ख्रिस्ती मठातली जोगीण. स्त्रियांनाही धर्मग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार आहे, असे तिने १५३९ मध्ये नाव्हारच्या राणीला लिहिलेल्या पत्रात ठामपणे मांडले, तेव्हा त्या पत्राच्या छापील प्रती जिनिव्हाच्या अधिकाऱ्यांनी जप्त केल्या होत्या.