साडेपाच सेंटिमीटरचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

सोनोग्राफी मूतखड्यासाठी केलेली असते आणि रिपोर्टमध्ये भलतीच ओळ येते: पोटातल्या महाधमनीला फुगवटा, 4.2 सेंटिमीटर. घर हादरतं. थोरला मुलगा म्हणतो, उद्याच ऑपरेशन करून टाकू. आत्या म्हणते, काही दुखत नाही तर पोट कशाला फाडायचं?

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी; ती पोटात साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. 3 च्या वर गेली की तिला एन्युरिझम म्हणतात. तो बहुधा दुखत नाही, पण फुटला तर बहुतेकांना वाचवता येत नाही. मग थांबायचं कशासाठी? तर लहान फुगवटा फुटण्याचा धोका कमी असतो आणि ऑपरेशनलाही स्वतःचा धोका असतोच. ब्रिटन आणि अमेरिकेत 4 ते 5.5 सेंटिमीटरच्या रुग्णांची अशी तुलना झाली आहे. काहींचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांवर नियमित तपासणीने लक्ष ठेवलं. लगेच ऑपरेशन झालेले जास्त जगले, असं दिसलं नाही. म्हणून पुरुषांत साधारण 5.5, स्त्रियांत 5 सेंटिमीटरला ऑपरेशनचा विचार होतो. फुगवटा झपाट्याने वाढत असेल किंवा दुखू लागला, तर त्याआधीही. तोवर ठरल्या तारखेला सोनोग्राफी करणं हाच उपचार आहे, ती चुकवू नका.

वेळ आली की दोन वाटा असतात. एकीत पोट उघडून कृत्रिम नळी शिवतात. पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने लागतात, पण काम टिकाऊ. दुसरी वाट 1990 मध्ये अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला सर्जन हुआन पारोदी यांनी दाखवली: जांघेतल्या रक्तवाहिनीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी, आत सरकवायची. यात सुरुवातीचा धोका कमी, घरी लवकर जाता येतं. मात्र नळीच्या कडेने रक्त झिरपत नाही ना, हे पाहायला जन्मभर स्कॅन करावे लागतात. पुन्हा पुन्हा शहर गाठणं ज्यांना जमणार नाही, त्यांनी हे सर्जनना आधीच स्पष्ट सांगावं. निर्णयात या गोष्टीला माझ्या मते फार वजन आहे.

नको म्हणण्याचाही हक्क आहे. आइन्स्टाइन यांच्या फुगवट्यावर 1948 मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. 1955 मध्ये तो फुटला तेव्हा वयाच्या 76 व्या वर्षी त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया नाकारली. घरातल्या वडीलधाऱ्यांना काय हवंय, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

ऑपरेशन करायचं ठरलंच असेल, तर बिडी-सिगारेट आजच सोडा. फुगवटा वाढवण्यात तिचा मोठा हात असतो, आणि भुलीनंतर छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो तोही बऱ्याचदा तिच्यामुळेच. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र आणून आधीपासून सराव करा, झेपेल तेवढं चाला. टूडी-एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होईल. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, टोचायच्या औषधाचा भार मूत्रपिंडांवर पडू शकतो, म्हणून क्रिएटिनिनही तपासतील. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, बीपीची तर नाहीच. खर्चाचं दडपण असेल, तर सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भरती होण्याआधीच विचारा.

वाट पाहण्याच्या काळात पोटात किंवा कमरेत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर गॅस समजून ओवा खात बसू नका. 108 ला फोन करा आणि फुगवटा आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. आणि रुग्णाच्या पन्नाशी ओलांडलेल्या भावाबहिणींनी स्वतःच्या सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारावं, कारण हा आजार घराण्यातही चालतो.