शिट्टी तीच, पंच वेगळा

श्रोतेहो, नमस्कार. सुट्ट्या लागल्या की आपल्या किनाऱ्यावर गाववाल्यांपेक्षा पाहुणे जास्त. मग पुळणीवर ऐकायचं कोणाचं? गावात पोलीस पाटील असतो, 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला. गाव त्याला मानतं, कारण गाव त्याच्या आज्यालाही ओळखतं. पाहुणा कशाला मानेल? मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सत्तेचे तीन आधार सांगितले: परंपरा, व्यक्तीची मोहिनी आणि कायदा. परंपरा, मोहिनी, कायदा. हे तीन ध्यानात ठेवा.

आता गंमत ऐका. दापोलीकडचा आमचा एक होमगार्ड. नाताळात ड्युटी किनाऱ्यावर. भरती लागलेली आणि शहरातली पोरं छातीभर पाण्यात. हा खाकीत उभा राहून शिट्टी फुंकतोय. "काका, आम्हाला पोहता येतं!" एक ओरडला. दुसरा तर शिट्टीच्या तालावर नाचायला लागला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला गावच्या पोरांनी ओल्या वाळूत कबड्डीचं मैदान आखलं. खरी कबड्डी मातीत नाहीतर वाळूत. ते मॅटवर बूट घालून खेळणं मला बघवत नाही, असो. तीच पाहुणी पोरं म्हणाली, आम्हालाही घ्या. पंच कोण? हाच होमगार्ड, आज हाफपँटवर. शिट्टी मात्र तीच! पहिल्याच चढाईत नाचऱ्याचा पाय रेषेबाहेर. शिट्टी, बाद. तो हुज्जत घालायला लागला, तर त्याच्याच संघाने त्याला मागे ओढलं. "पंचांनी दिलं ना, चल बाहेर!" पुढे पाहुण्यांवर लोण चढला, खेळ रंगला, आणि लाट येऊन मध्यरेषा पुसून गेली. अंगाला वाळू फासलेली ती पोरं थेट समुद्राकडे पळणार, तेवढ्यात पंचाची लांब शिट्टी. "खेळ संपला. सगळे वर!"

आणि सगळे वर आले हो. काल नाचणारा सर्वांत पुढे.

काल खाकी होती, कायदा होता, कोणी ऐकलं नाही. आज ऐकलं, कारण त्याने सर्वांना एकाच मापाने बाद दिलेलं पोरांनी पाहिलं होतं. पोलिसांवर अभ्यास करणारेही हेच सांगतात: वागणूक न्याय्य वाटली की लोक ऐकतात, नुसत्या धाकाने नाही. वेबरच्या तीन खणांत आमचा पंच नेमका कुठे बसवायचा, ते प्राध्यापकांनी ठरवावं.

2016 च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, म्हणून एवढं सांगतो. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. काल चारला होती म्हणून आज चारला नसते. पाण्यात उतरण्याआधी मच्छीमाराला विचारा. किनाऱ्यावर पाट्याही आहेत, पण आमच्याकडची पाटी जाहिरातीमागे गेलीय, तिच्यावर पुढच्या वेळी बोलू. नमस्कार.