आडवी बाटली हरते ती मतदार यादीत

मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायका मोर्चा काढतात, तहसीलवर ठिय्या देतात. बऱ्याच खटपटीनंतर मतदान लागतं. आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, उभीच्या नऊपट मतं पडतात आणि तरीही दुकान चालूच राहतं. हे कसं होतं, तेवढंच आज आकड्यांनिशी बघू.

महाराष्ट्रात हे मतदान २००८च्या आदेशानुसार होतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, मग जिल्हाधिकारी गुप्त मतदान लावतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. निसटते ती पुढची अट. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत नाव असलेल्या सगळ्या महिलांच्या निम्म्याहून जास्त लागतात.

समजा, गावात १,२०० महिला मतदार आहेत. मागणीला ३०० सह्या हव्यात, बंदीला ६०१ मतं. मतदानाला ६६० जणी आल्या. आडवीला ५९०, उभीला ६० आणि १० बाद. आलेल्यांपैकी ८९ टक्के बायकांनी दुकान नको म्हणून सांगितलं आणि ११ मतांनी दुकान वाचलं! कारण घरी राहिलेल्या ५४० जणी हिशोबात दुकानाच्या बाजूने धरल्या गेल्या. सरपंच निवडताना असं नसतं. तिथे पडलेल्या मतांत ज्याला जास्त तो निवडून येतो, न आलेल्यांना कोणी विचारत नाही. गावाचा कारभारी निवडायला जो हिशोब चालतो, तो दुकान बंद करायला का चालू नये? हा अन्याय आहे आणि तो आपण बोलून दाखवला पाहिजे. पण नियम बदलेपर्यंत लढायचं याच नियमात आहे.

त्या ५४० जणी कोण, ते आधी पाहा. काही वारलेल्या आहेत. काही लेकी लग्न होऊन सासरी गेल्या, नाव मात्र माहेरच्या यादीत. काहींचं नाव दोनदा आहे. म्हणून सह्यांचा कागद हातात घ्यायच्या आधी मतदार यादी घ्या आणि घरोघरी वाचा. प्रत्येक नावापुढे खूण करा: गावात आहे, बाहेरगावी कामाला आहे, लग्न होऊन गेली, वारली. मयत, स्थलांतरित आणि दुबार नावांसाठी नमुना ७, म्हणजे नाव वगळायचा अर्ज, भरून बीएलओकडे (यादीचं काम बघणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्या, पोच घ्या. चौकशी होऊन नाव वगळायला वेळ लागतो, म्हणून हे काम मागणीच्या कित्येक महिने आधीचं. मतदान कोणत्या तारखेच्या यादीवर होणार, तेही लेखी विचारून ठेवा. आपल्याच उदाहरणात अशी ९० नावं निघाली असती, तर यादी १,११० वर आली असती आणि ५५६ मतं पुरली असती. तीच ५९० मतं, तेच गाव, आणि दुकान बंद.

आता सह्या. ३०० हव्यात म्हणून ३१० गोळा केल्या, तर मागणी पडताळणीतच पडेल असं धरून चाला. साडेचारशेच्या खाली थांबू नका. सह्या बाद होतात त्या साध्या कारणांनी: यादीत एक नाव आणि आधारवर दुसरं, अंगठ्यापुढे नाव नाही, एकाच हाताने चार सह्या, सही करणारीचं नाव यादीतच नाही. म्हणून प्रत्येक सहीपुढे यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा. मागणीचा मजकूर प्रत्येक पानावर वर छापा. नाहीतर ‘आम्हाला रेशनच्या अर्जावर सही घेतली असं वाटलं’ म्हणायला जागा राहते. मजकुरात दुकानाचा परवाना प्रकार आणि क्रमांक हवा. देशीचं दुकान सीएल-३, वाइन शॉप एफएल-२, परमिट रूम एफएल-३, बिअर शॉपीचा परवाना आणखी वेगळा. मागणीत फक्त देशीचं दुकान लिहिलं, तर शेजारची बिअर शॉपी तशीच राहील.

पडताळणीच्या दिवशी दबाव येतो. दुकानदाराचा माणूस समोर उभा असला, की ‘ही सही माझी नाही’ असं बाई म्हणून जाते. तिला दोष देऊ नका, तिला त्याच गल्लीत राहायचं आहे. पडताळणी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत व्हावी, तारीख आधी जाहीर व्हावी, आत फक्त बायका आणि अधिकारी असावेत, अशी लेखी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच करा. ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे दुकान बंद झालं, असंही समजू नका. ठरावाने मागणीला बळ येतं, पण निकाल मतपेटीतच लागतो.

मतदानाची तारीख हा तर खरा राजकारणाचा मुद्दा. बीड, अहिल्यानगरच्या कितीतरी गावांतून ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीत मतदान लागलं, तर फडावरची प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, आठवडी बाजार, सगळीकडे तेच. दुकानदाराला उभीसाठी मत मागायची गरजच नसते. बायका घरी किंवा गावाबाहेर राहिल्या तरी त्याचं काम होतं. त्या दिवशी कोणी फुकट देवदर्शनाची गाडी काढली, तर तिचा अर्थ ओळखा. तारीख ठरायच्या आधीच अर्ज द्या: हे महिने टाळा, मतदान दिवसभर चालू ठेवा, मजुरीवरून येणाऱ्यांना संध्याकाळची वेळ मिळू द्या. मतपत्रिकेचा नमुना घेऊन वस्तीवस्तीत शिक्का मारायचा सराव करून घ्या. दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर पडलेला शिक्का बाद होतो, आणि बाद मतही शेवटी दुकानाच्याच कामी येतं.

नियम इतका अवघड का, हेही स्पष्ट बोलू. मद्यातून राज्याला वर्षाला २० हजार कोटी रुपयांच्या पुढे महसूल मिळतो. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहे, पण अर्थसंकल्प त्याच्या उलट्या दिशेला ओढतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये सरकारने दारूबंदी केली आणि २०२१ मध्ये सरकारनेच उठवली. मंत्रिमंडळाने दिलेली बंदी मंत्रिमंडळ काढून घेतं. बायकांनी मतदानाने बंद केलेलं दुकान इतक्या सहज उघडत नाही, म्हणूनच हा रस्ता अवघड असला तरी सोडू नये असं मला वाटतं. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं, की महापालिका वॉर्डातलं दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या ७५ टक्के मतं लागतील. आपल्या उदाहरणात ६६० चे ७५ टक्के म्हणजे ४९५, आणि आडवीला तर ५९० होती. गावांनाही झालेल्या मतदानावरच मोजा, ही मागणी प्रत्येक आमदारापुढे ठेवली पाहिजे. ७५ टक्केही जास्तच आहेत, पण निदान घरी राहिलेल्या बाईचं मत दुसरं कोणी वापरणार नाही.

जिंकल्यावरचं थोडं. परवानाधारक अपील करतो, स्थगिती मागतो, उच्च न्यायालयात जातो. त्याचे मुद्दे ठरलेले असतात: नोटीस नीट दिली नाही, दवंडी पिटली नाही, यादी चुकीची वापरली. म्हणून यादीची प्रमाणित प्रत, नोटिशीचा फोटो, दवंडीचा पंचनामा आणि मतमोजणीचा तक्ता निकालाच्या दिवशीच ताब्यात घ्या, आणि उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणं कठीण होतं. हातभट्टीला आणि चोरट्या विक्रीला मात्र मतदान लागत नाही, तो आधीच गुन्हा आहे. तिथे दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली तक्रार द्या, पुन्हा पुन्हा विकणाऱ्याकडून कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायला लावा, आणि अवैध दारूवर लक्ष ठेवणारं गावकऱ्यांचं ग्रामरक्षक दल स्थापन करून घ्या. दुकानाला सील लागलं, की पहिल्याच आठवड्यात हे अर्ज द्या. दुकान गेल्यावर चोरट्या दारूच्या पिशव्या विकणारे लगेच पुढे येतात.